वेबसाइटचा मेन्यू आखताना या चुका टाळा

घरगुती मसाले, पिठं, लोणची विकणाऱ्या बऱ्याच साइटवर मेन्यू असा असतो: मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, उत्पादने, गॅलरी, संपर्क. गिऱ्हाईक आलेलं असतं पाव किलो गोडा मसाला घ्यायला. त्याला आधी ‘उत्पादने’ उघडावं लागतं, मग कुठली तरी ‘श्रेणी’ निवडावी लागते. त्यापेक्षा वरच्या ओळीत सरळ ‘मसाले’, ‘पिठं-भाजणी’, ‘लोणची’, ‘उपवासाचे’, ‘डिलिव्हरी’ लिहा. ‘आमच्याविषयी’ फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळपट्टीत, गेलं तरी कुणाचं काही अडत नाही.

खरा घोळ होतो वर्गवारीत. उपवासाची भाजणी कुठे ठेवायची? विकणाऱ्याच्या फळीवर ती थालीपिठाच्या भाजणीशेजारी असते. एकादशीच्या आदल्या दिवशी शोधणारा मात्र ‘उपवासाचे’ उघडतो. लिंक दोन्हीकडे द्या, पान एकच ठेवा. दोन पानं केलीत की एकावरचा दर बदलतो आणि दुसऱ्यावर जुनाच राहून जातो.

अशा अडनिड्या वस्तू आधीच हेरायच्या असतील, तर प्रत्येक पदार्थाची एक अशा ३०-४० चिठ्ठ्या करा. धंद्याशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना, एकेकाला वेगळं बसवून, गठ्ठे लावायला सांगा. गठ्ठ्यांना नावंही त्यांनाच देऊ द्या. जी चिठ्ठी दर वेळी वेगळ्याच गठ्ठ्यात जाते, तिला दोन ठिकाणी लिंक लागणार.

मेन्यूत सातपेक्षा जास्त नोंदी नकोत, असं सर्रास सांगितलं जातं. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ सालच्या निबंधाचा दाखला देतात, पण तो तात्पुरत्या स्मरणशक्तीबद्दल आहे. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, तो कुणी पाठ करत नाही. आठवी नोंद खरोखर हवी असेल तर खुशाल ठेवा.

ड्रॉपडाउन (मेन्यूतल्या शब्दाखाली उघडणारी यादी) तिच्याकडे माउस नेताच मिटत असेल, तर तो शब्द आणि खालची यादी यांच्यामधली फट तपासा. दोन-चार पिक्सेलची फटही यादी मिटायला पुरते. यादीला वरून मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) देण्याऐवजी पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. मोबाइलवर तक्रार उलटी असते: ‘मसाले’ ही लिंकही आणि ड्रॉपडाउनही, त्यामुळे यादी दिसायच्या आतच पान बदलतं. शब्दाला लिंक ठेवा आणि बाणाचं वेगळं बटण करा, किमान ४४ बाय ४४ पिक्सेलचं. नाहीतर अंगठा शेजारच्या नोंदीवर पडतो.

इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये मेन्यूला बऱ्याचदा ‘लेटर-स्पेसिंग’, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि ‘म सा ले’ अशी सुटी अक्षरं दिसतात. ते शून्य करा. ‘लाइन-हाइट’ (अक्षरांच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची) १ असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जाऊ शकतात, १.५ किंवा १.६ ठेवा.

तीन आडव्या रेषांचं चिन्ह मोबाइलपुरतं ठीक, तेही शेजारी ‘मेन्यू’ हा शब्द लिहून. संगणकाच्या रुंद पडद्यावर पाच नोंदी त्यामागे लपवायचं काहीच कारण नाही.