पर्यावरण जनसुनावणीत टिकणारी हरकत कशी लिहावी

गावाजवळ खाण किंवा कारखाना येणार, अशी जाहीर सूचना पेपरात आली की दोन सल्ले लगेच मिळतात: सुनावणी उधळून लावा, नाहीतर बहिष्कार घाला. दोन्ही कंपनीच्याच पथ्यावर पडतात. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत सुनावणीला गणपूर्तीची अटच नाही. मांडवात चार डोकी असली तरी सुनावणी झाली, असंच कागदावर येतं. गोंधळ घातला तर आणखी वाईट. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी बोलता येणार नाही असा अहवाल वर गेला, तर सुनावणीच वगळण्याची सोय त्याच अधिसूचनेत आहे. तिसरा सल्ला पाचशे सह्यांच्या छापील निवेदनाचा. पाचशे पत्रं, मुद्दा एक, आणि त्यावर कंपनीचं उत्तरही एकच: ‘नियमानुसार काळजी घेतली जाईल.’

आधी प्रकल्पाला सुनावणी लागते का ते बघा. ब-२ गटातले, म्हणजे ज्यांना ईआयए अहवालच लागत नाही असे प्रकल्प आणि निव्वळ बांधकाम प्रकल्प यांना ती लागत नाही. लागत असेल तर सूचना आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस हवेत. ते मोजा आणि कागद गोळा करा.

कागद म्हणजे तीन गोष्टी: मराठी सारांश, मसुदा ईआयए अहवाल पूर्ण, आणि त्या अहवालात काय काय तपासायचं हे ठरवून देणारं कार्यकक्षेचं पत्र, म्हणजे टीओआर. ते पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधा. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात बघायला ठेवलेला असला पाहिजे. कुठे नसेल तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सुनावणीच्या दिवशी ‘आम्हाला अहवालच मिळाला नाही’ असं ओरडण्यापेक्षा तीन आठवड्यांपूर्वीचा आवक क्रमांक जास्त बोलतो. सारांशावर मात्र हरकत लिहू नका. त्यात चुका सापडण्याइतका मजकूरच नसतो.

आता खरं काम. इथेच बहुतेक हरकती मरतात, कारण लोक अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि चाळिसाव्या पानावर दमतात. पहिली दोनशे पानं कायदे, कंपनीची ओळख आणि रंगीत नकाशे यांतच जातात. तिकडे वळायचंच नाही. थेट आधारभूत माहितीचं प्रकरण उघडा: हवा, पाणी, आवाज, जैवविविधता. प्रत्येक तक्ता गाव डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

पाण्यापासून सुरुवात करा. नमुने कोणत्या विहिरींचे घेतले, ते नकाशावर मांडा. उतार कुठे आहे हे गावाला माहीत असतं, अहवाल लिहिणाऱ्याला नसतं. आठ विहिरींचे नमुने आहेत, पण त्यातली एकही प्रकल्पाच्या खालच्या अंगाला नाही, असं असेल तर तो तुमचा पहिला मुद्दा. मग पाहणीचे महिने बघा. माहिती साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामाची घेतात. पाहणी मार्च ते मे मधली असेल तर दिवाळीपर्यंत वाहणारा ओढा अहवालात ‘प्रवाह नाही’ म्हणून येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यावर निळी रेघ आहे आणि अहवालात ओढा नाही, तर दोन्ही पानांची झेरॉक्स शेजारीशेजारी जोडा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असेल तर तोही लावा.

हवेच्या तक्त्यात आकडे कमी आणि तारखा जास्त तपासा. आठवड्यातून दोनदा, चोवीस तासांचं मोजमाप हा नेम धरला तर बारा आठवड्यांत एका केंद्राचे साधारण २४ आकडे व्हायला हवेत. अहवालात फक्त किमान, कमाल आणि सरासरी दिली असेल तर मूळ आकडे मागा. दूरदूरच्या केंद्रांचे आकडे जवळपास सारखेच असतील तर ते लिहा, पण ‘बनावट’ हा शब्द वापरू नका. ‘या साम्याचं स्पष्टीकरण द्यावं’ एवढं पुरे. आरोपाला नकार देऊन सुटता येतं, स्पष्टीकरण मागितलं की उत्तर द्यावं लागतं.

जैवविविधतेची यादी गावातल्या गुराख्याला वाचून दाखवा. इथे न होणारं झाड त्याला दोन मिनिटांत सापडतं. नकलेचे प्रकार होतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या प्रकल्पाच्या अहवालातला मजकूर उतरला होता.

आणि गणित करा. समजा, खाणीचं उत्पादन वर्षाला ३ लाख टन आणि काम ३०० दिवस. म्हणजे रोज १,००० टन. दहा टनी डंपर धरला तर भरलेल्या १०० फेऱ्या आणि रिकाम्या परतीच्या १००. दहा तासांच्या पाळीत दर तीन मिनिटांना एक डंपर शाळेसमोरून जाणार. अहवालाच्या वाहतूक तक्त्यात रोजच्या ४५ फेऱ्या असतील तर धूळ आणि आवाज यांचे पुढचे सगळे अंदाज त्या ४५ वर उभे आहेत. एवढा एक मुद्दा नीट मांडलात तर दहा भाषणांचं काम होतं.

प्रत्येक मुद्दा याच क्रमाने लिहा: पान आणि तक्ता क्रमांक, अहवाल काय म्हणतो, जागेवर काय आहे, पुरावा कोणता, टीओआरची कोणती अट मोडली, आणि मागणी. मागणी नेमकी हवी: ‘खालच्या अंगाच्या पाच विहिरींची दोन्ही हंगामांत तपासणी करावी आणि त्या माहितीवर पुन्हा सुनावणी घ्यावी.’ ‘प्रकल्प रद्द करा’ हे शेवटी एका ओळीत लिहायला हरकत नाही, पण फक्त तेवढंच लिहिलंत तर प्रकल्प तपासून मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीला उत्तर द्यायला काहीच उरत नाही. माहिती महत्त्वाची असून खोटी किंवा दिशाभूल करणारी असेल, तर अधिसूचनेच्या परिच्छेद ८ (६) चा उल्लेख करा. हेतुपुरस्सर तसं केल्यास अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते. सहा-सात मुद्दे पुरेत. पंचविसाव्या मुद्द्याच्या आडोशाला पहिले तीन लपतात.

हरकत सुनावणीआधी मंडळाच्या कार्यालयात द्या, पोच घ्या.

सुनावणीत दोनच मुद्दे बोला, पान क्रमांकासकट. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी आहे ना, चित्रीकरण चालू आहे ना, एवढं बघा. आपलं बोलून झाल्यावर घरी जाऊ नका. सुनावणीचा गोषवारा शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायची असते. तोवर मांडव रिकामा होतो आणि ‘ग्रामस्थांनी रोजगाराची मागणी केली’ एवढीच ओळ उरते. तुमचा मुद्दा गोषवाऱ्यात नसेल तर तिथेच उभं राहून घालायला लावा. नकार मिळाला तर तो नकारही लेखी नोंदवा.

पुढे इतिवृत्त आणि कंपनीची उत्तरं मिळवा. कोणत्या मुद्द्याला उत्तरच नाही, ते काढून थेट तज्ज्ञ समितीला पत्र लिहा. हरकतींवर विचार झाल्याचं कारणांसकट दिसलं पाहिजे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये उत्कर्ष मंडळच्या प्रकरणात, गोव्यातल्या खाणीसंदर्भात, म्हटलं आहे. पत्रात त्याचा उल्लेख करा.

मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस, त्यापुढे एकही नाही. महाराष्ट्रासाठी खंडपीठ पुण्यात आहे. प्रत पोस्टाने घरी येण्याची वाट बघत बसू नका. पोर्टलवर किंवा पेपरात मंजुरी दिसली त्या दिवसापासूनच दिवस मोजायला लागा आणि वकिलाकडे पोच असलेली हरकत, इतिवृत्त आणि कंपनीचं उत्तर हे तिन्ही कागद पहिल्याच भेटीत द्या.