धनगरवाड्यावर कामाला निघालाय? आधी हजेरीचा कागद बघा

फॉरेस्ट्री, बॉटनी, एन्व्हायर्नमेंट असलं काहीतरी शिकून बाहेर पडलेली पोरं-पोरी मला सारखी विचारतात, ताई, जंगल आणि लोक दोन्ही मिळून काम करायचंय, सुरुवात कुठनं करू? प्रत्येकाला वेगळं सांगत बसायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहिते. वनरक्षक भरती काय असते, आरएफओ कोण आणि डीएफओ कोण, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते. नसेल तर आधी ते बघून या.

मी कोल्हापूरची, पेठेत वाढलेली. जंगल म्हणजे शाळेच्या सहलीत बघितलेलं दाजीपूर, आणि तिथं पण गवा दिसला नव्हता, नुसतं शेण दिसलं होतं. बॉटनीत एमएस्सी केलं आणि एका संस्थेत फील्डला लागले (नाव विचारू नका, सांगणार नाही). काम असं, की शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड ह्या पट्ट्यातल्या वाड्यांवर जायचं, वणवा, गवे, चराई, औषधी झाडं ह्याबद्दल शास्त्र काय म्हणतं ते लोकांना सांगायचं आणि लोक काय म्हणतात ते वर पोचवायचं. पहिल्या निम्म्या कामाला बजेट असतं. दुसरं निम्मं आपल्या पेट्रोलवर चालतं.

एक गोष्ट आधीच सांगते, 'आदिवासी' हा शब्द इथं जपून वापरा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाची गोष्ट ऐकून आपण सगळेच पेटून उठलेलो असतो, 2009 ला सामूहिक वनहक्क मिळवलेलं गाव, भारीच आहे, वादच नाही. पण ते गोंड आदिवासींचं गाव. आपल्या घाटमाथ्यावरचे बरेचसे वाडे गवळी धनगरांचे, पिढ्यान्‌पिढ्या म्हशी घेऊन रानात राहिलेले, आणि सरकारी कागदावर ते भटक्या जमातीत येतात, अनुसूचित जमातीत नाही. म्हणजे 2006 च्या वनहक्क कायद्यात (रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना तिथल्या जमिनीवर आणि रानावर हक्क देणारा कायदा) ते 'इतर पारंपरिक वननिवासी', आणि त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथंच राहिल्याचं दाखवावं लागतं. आदिवासींना ही 75 वर्षांची अट नाही. आता 1930 चा कागद आणायचा कुठनं, म्हशीच्या वेताची काय पावती असते? नशीब, कायद्याच्या नियमांतच पर्याय दिलाय, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब चालतो, जुनी घरं, विहिरी, देवाची ठिकाणं, पुरायच्या जागा चालतात. हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे. गडचिरोलीची पीपीटी इथं येऊन जशीच्या तशी लावणारे लोक मी बघितलेत, वाड्यावरचे लोक मान डोलवतात आणि पाहुणं कधी जातील ह्याची वाट बघतात.

आता मी जिथं तोंडावर आपटले ते.

पहिलंच वर्ष, फेब्रुवारी महिना, वणव्याचा सीझन सुरू व्हायच्या आधी जनजागृतीची बैठक. देवळापुढं तेवीस माणसं जमली, त्यात नऊ बायका, मला लई भारी वाटलं. संस्थेचं हजेरीपत्रक छापील होतं, अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा, आणि वरती मथळ्याची जागा कोरी. का कोरी, तर वर्षभरात कुठल्या कार्यक्रमाला किती पानं लागतील सांगता येत नाही म्हणून गठ्ठाच छापून ठेवलेला. मथळा आपण ऑफिसात टाकू, असं सर म्हणाले होते. मी स्टॅम्प पॅड घेऊन एकेकाकडं फिरत होते. एक आज्जी थांबली, म्हणाली, "कशाचा गं हा अंगठा?" मी म्हणाले, "काही नाही आज्जी, नुसती हजेरी."

ते 'काही नाही' मला अजून रात्री आठवतं.

पावसाळ्यात कधीतरी एक प्रस्ताव तयार झाला, वाड्याच्या वरच्या अंगाच्या एका तुकड्यावर लोकसहभागातनं चराईबंदी आणि रोपलागवड. कागदावर चांगलाच दिसत होता. त्याला मागं माझं तेवीस अंगठ्यांचं पान जोडलं होतं आणि वरच्या कोऱ्या जागेत टाईप केलं होतं, 'उपस्थित ग्रामस्थांनी चराईबंदीस सहमती दर्शविली.' मुद्दाम कुणी केलं असं मी म्हणणार नाही. फाईलला लोकांच्या संमतीचा कागद कमी पडत होता आणि कपाटात अंगठ्यांचा कागद होता, एवढंच झालं. पण तो तुकडा म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात शेवटी गवत राहतं ती जागा. आणि हे वाड्याला कळलं कसं, तर ग्रामपंचायतीत कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं आणि वाड्यावरचा एक पोरगा दूध घालून परत जाताना तिथं उभा होता.

हे मी इतकं लांबवतेय कारण नवीन माणसाला ह्यात काय एवढं हे कळतच नाही, मलाही कळलं नव्हतं. हजेरी, संमती आणि ग्रामसभेचा ठराव ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हजेरी म्हणजे माणूस आला होता, बस्स, तो झोपला पण असेल. संमती म्हणजे त्याला सगळं समजलं आणि तो हो म्हणाला, आणि नाही म्हणायची त्याला मोकळीक होती. ठराव तर त्याहून वेगळा, वनहक्काच्या कामात ग्रामसभेला निम्मे तरी सदस्य हजर लागतात आणि आलेल्यांत एक तृतीयांश तरी बायका, हे 2012 च्या दुरुस्तीत आलंय, आणि वाडा-पाड्याची वेगळी ग्रामसभा पण ह्या कायद्यात बसते. ह्या तिन्हीला दिसायला कागद सारखाच, खाली अंगठे सारखेच. फरक फक्त वरच्या एका ओळीत, आणि ती ओळ ज्यानं अंगठा दिला त्याला वाचता येत नाही.

त्यात आपला भाग कुठला बघा. 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, चांदोली आणि कोयना मिळून. चांदोलीकडनं धरणापायी आणि उद्यानापायी उठलेल्या गावांच्या गोष्टी इथल्या प्रत्येक घरात पाहुण्यांकडनं आलेल्या आहेत. व्याघ्र प्रकल्पातनं गाव हलवायचं तर ते लोकांच्या इच्छेनंच, असं कायदा म्हणतो, आणि बरोबरच आहे ते. पण मग ती 'इच्छा' कुठं दिसते? कागदावरच्या अंगठ्यात. म्हणून जंगलाच्या नावानं कुणी कागद पुढं केला की माणसं मागं सरकतात, ह्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांची मला चीड येते. ती माणसं कागदाला आपल्यापेक्षा जास्त ओळखून आहेत.

मी परत वाड्यावर गेले तेव्हा कुणी बस म्हणालं नाही. एरवी चुलीवर दूध असतंच, त्या दिवशी पाणीसुद्धा आलं नाही. आज्जी ओट्यावर होती. तिनं एवढंच विचारलं, "माझा अंगठा कुठं लावलास गं, पोरी?"

मी ऑफिसला लेखी दिलं, की ही हजेरी आहे, संमती नाही, पान काढून घ्या. पान निघालं. माझं कॉन्ट्रॅक्ट पण पुढच्या मार्चला संपलं ते संपलंच. लगेच शहाणी झाले असं वाटत असेल तर तसं नाही, दोन महिने मी घरात बसून वनरक्षकाचा फॉर्म भरायच्या गोष्टी करत होते.

आता मी काय करते ते सांगते. कोऱ्या मथळ्याच्या कागदावर एक अंगठा घेत नाही, देवानं सांगितलं तरी नाही. मथळा तिथंच, सगळ्यांसमोर, हातानं लिहायचा, तारीख घालून, आणि त्यातच लिहायचं, 'ही फक्त हजेरी आहे, कोणत्याही गोष्टीला संमती नाही.' मोठ्यानं वाचायचं. मग वाड्यावरच्या शिकलेल्या पोराकडनं परत वाचून घ्यायचं, कारण तुमच्या वाचण्यावर कुणी का विश्वास ठेवावा? शेवटच्या नावाखाली उरलेल्या ओळींवर तिरकी रेघ मारायची. कार्बन घालून दोन प्रती, एक तिथंच ठेवायची. नुसती माहितीची बैठक असेल तर अंगठेच घेऊ नका, नावं तुम्ही लिहा, विचारून एक फोटो काढा. फंडिंगवाले कुरकुरतात. कुरकुरू देत, बहुतेक वेळा चालून जातं, मी तीन वेळा चालवलंय.

शास्त्र सांगण्याबद्दल थोडं. मी एकदा राब (भाताची रोपं टाकायच्या जागी पसरून जाळतात तो फांद्या-पाला) जाळू नका हे सांगायला गेले होते, मातीतले जीव मरतात वगैरे. एक मामा म्हणाले, "बरं, मग तरव्यातलं तण काढायला तुम्ही येताय काय?" तरवा म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा. मी गप्प. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की राबाच्या आचेनं वरच्या थरातलं तणाचं बी मरतं आणि राख रोपाला खत होते, म्हणजे मामा शास्त्रच सांगत होते. खरा प्रश्न जाळण्यापेक्षा तोडण्याचा होता, त्याच त्या ऐन-किंजळीच्या फांद्या दरवर्षी तोडल्या की झाडाला सावरायला वेळ मिळत नाही. पुढच्या वेळी मी तेवढंच विचारलं, कुठल्या झाडाला किती वर्षं सोडता? दोन तास बोलत होते लोक. पीपीटी पिशवीतनं बाहेर आली नाही.

मेंटरबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. सेमिनारमध्ये 'लोकज्ञान' हा शब्द दहा वेळा म्हणणारा माणूस वाड्यावर एक रात्र तरी राहिलाय का, एवढं विचारा. माझे खरे गुरू एक रिटायर होत आलेले वनमजूर. त्यांनी मला रानमोडी (बाहेरनं येऊन रानभर पसरलेलं झुडूप) कुठल्या वर्षी कुठल्या वाटेनं आली ते दाखवलं, आणि गव्याला 'बायसन' म्हणणं बंद करायला लावलं. "बायसन अमेरिकेत असतंय, हा गवा हाय." बरोबर बोलले की. 1958 ला दाजीपूरचं अभयारण्य झालं ते ह्याच गव्यांसाठी, आणि आपण अजून रिसॉर्टच्या पाट्यांवर बायसन लिहितोय.

शॉर्टकट म्हणून लोक जीआयएसचे (कॉम्प्युटरवर नकाशे करायचे) सहा आठवड्यांचे कोर्स सांगतात. करा, नकाशा काढता येणं उपयोगी आहेच, पण नकाशा आधी आणि ओळख नंतर असं केलं तर लोकांना तुम्ही मोजणीवाले वाटता, आणि मोजणीवाला आला की पुढं काय येतं हे त्यांना पाठ आहे. त्यापेक्षा मुक्कामी एसटीनं जा, सकाळच्या गाडीनं परत या. गाडीत अर्धं काम होतं.

पैसे कमी आहेत. मी बारा हजारांवर सुरू केलं होतं. घरी सांगताना जरा वाढवून सांगितलं होतं. लग्नाच्या बैठकीत 'जंगलात काय करते मुलगी' ह्याचं उत्तर अजून आईला जमलेलं नाही. पण घाबरू नका एवढं, चुकाल, नक्की चुकाल, आणि वाड्यावरची माणसं चूक कबूल करणाऱ्याला दारातनं कायमचं हाकलत नाहीत. मला दीड वर्ष लागलं. कुणाला कमी लागेल. फक्त कबूल करायला फोनवर नका जाऊ.

गेल्या वर्षी त्याच वाड्याच्या वनहक्क समितीनं मला जबाब लिहून घ्यायला बोलावलं. त्या आज्जीचा जबाब मी लिहिला, जुनी विहीर, देवाची जागा, सासू कुठल्या वाड्यावरनं नांदायला आली ते सगळं. दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा तिनं चूक काढली, सासूच्या माहेरचा वाडा मी भलताच लिहिला होता. तो खोडून परत लिहिला, मग नातवाकडनं तिसऱ्यांदा वाचून घेतला, मग अंगठा. तिची प्रत तिनं पत्र्याच्या डब्यात घातली, रेशन कार्डाच्या खाली. वाड्याचा वनहक्काचा दावा आता उपविभागीय समितीकडं आहे, पुढच्या आठवड्यात तारीख विचारायला प्रांत ऑफिसला जायचंय, आणि ह्यावेळी आज्जी म्हणते मी पण येते.