रंग मोजायचं छोटं यंत्र घेताना: डाइंग लॅबची तयारी

डेमोसाठी विक्रेत्याला बोलावण्याआधी आपल्याला छळणारे नमुने बाजूला काढा. काळा, नेव्ही, ब्राइटनर (पांढरेपणा उजळवणारं रसायन) मारलेला पांढरा, चमकणारं सॅटिन. सोलापूरकडचे असाल तर टॉवेलचा तुकडा हवाच. विक्रेत्याच्या बॅगेतल्या गुळगुळीत रंगीत पट्टीवर कुठलंही यंत्र छानच चालतं.

मग पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्याला, विचारा, शेड कोणत्या प्रकाशात, कोणत्या ऑब्झर्व्हरने (मोजणीत धरलेली प्रमाण नजर) आणि कोणत्या सूत्राने पास करता? कापडात बहुधा डी65 (दिवसाचा प्रमाण उजेड), 10 अंशांचा ऑब्झर्व्हर आणि सीएमसी 2:1 हे सूत्र असं उत्तर येतं, दुकानातल्या प्रकाशासाठी कधी टीएल84 ही ट्यूबलाइटही. हे लेखी घ्या. सूत्र बदललं की त्याच दोन तुकड्यांचा डेल्टा ई, म्हणजे रंगफरकाचा आकडा, बदलतो, त्यामुळे नुसतं ‘1 च्या आत ठेवा’ याला काही अर्थ नाही. पार्टीकडे डी/8 भूमितीचं, म्हणजे आत पांढरा गोल असलेलं यंत्र असेल तर आपलंही तसंच बघा. 45/0 वाल्याशी (45 अंशांतून प्रकाश टाकून सरळ वरून बघणारं यंत्र) आकडे जुळवत बसाल तर भांडणं नक्की.

त्याच डाइजची तीच रेसिपी, फक्त लॉट तपासायचा, एवढंच काम असेल तर फिल्टरवाला कलरिमीटर पुरतो आणि पैसेही वाचतात. पण डी65 खाली जुळलेली शेड पिवळ्या बल्बखाली वेगळी दिसते, ते त्याला कळत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो: प्रकाशाच्या 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीत दर 10 ला एक रीडिंग, म्हणजे 31 आकडे. लॅब डिप, म्हणजे मंजुरीसाठी छोटे रंगवलेले नमुने, करणाऱ्यांनी इथे काटकसर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पांढऱ्याचं काम असेल तर दिव्यात अतिनील प्रकाश आहे का, हेही विचारा. तो नसेल तर ब्राइटनरचा परिणाम आकड्यात उतरणारच नाही.

डेमोत काळ्या तुकड्यावर यंत्र न हलवता दहा रीडिंग घ्या, मग दर वेळी उचलून परत ठेवून दहा. पहिल्या दहांतला फरक यंत्राचा. दुसऱ्यांत वाढलेला आपल्या कापडाचा नि हाताचा. कापडाची चार पदरी घडी घाला, पातळ असेल तर आणखी. नमुना 90 अंशांनी फिरवत चार रीडिंगची सरासरी धरा. ड्रायरमधून आत्ताच काढलेला लाल मोजू नका, गरम असताना काही शेड वेगळ्याच दिसतात.

कॅलिब्रेशनच्या पांढऱ्या टाइलवरचा क्रमांक यंत्राशी जुळतो का, प्रमाणपत्र सोबत आहे का, सॉफ्टवेअर किती संगणकांवर चालेल आणि जुना डेटा बाहेर काढता येईल का, हे पैसे देण्याआधी बघा. कॅलिब्रेशनला यंत्र किती दिवस जाणार आणि तोवर बदली मिळणार का, ते कोटेशनवरच लिहून घ्या.