कायोटीला बोलावताना: कोणता आवाज आधी, कोणता नंतर

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला कोल्ह्या-लांडग्यासारखा प्राणी. शिकारी त्याला नकली आवाज काढून जवळ बोलावतात. आवाज निवडण्याआधी कॅलेंडर बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच वर्षीची पिल्लं आईबापांपासून सुटून एकटी भटकत असतात. भुकेली आणि अडाणी. सशाची किंकाळी त्यांना पुरते. डिसेंबरपर्यंत मागे उरलेल्यांनी तीच किंकाळी चार शिकाऱ्यांकडून ऐकलेली असते, म्हणून तेव्हा आधी उंदराची चीं-चीं किंवा सुतार पक्ष्याचा आकांत लावा. जानेवारीअखेर ते मार्चची सुरुवात हा जोडी जमण्याचा काळ. त्यात पोटापेक्षा जोडीदार आणि हद्द मोठी, तेव्हा कायोटीची कोल्हेकुई सगळ्यांत जास्त चालते. मे-जूनमध्ये बिळात पिल्लं असतात. पिल्लाचं केकाटणं आणि हरणाच्या पाडसाचा टाहो त्या दिवसांतला. इलेक्ट्रॉनिक कॉलर (स्पीकरवर प्राण्यांचे आवाज वाजवणारं यंत्र) आणि रात्रीची शिकार यांचे नियम अमेरिकेत प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, ते आधी वाचा.

कायोटी सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला (वारा जिकडे वाहतो तिकडे) जातो आणि वास घेतो. म्हणून वारा आडवा ठेवा आणि स्पीकर आपल्यापासून 30-40 मीटर वाऱ्याच्या वरच्या बाजूला. म्हणजे स्पीकरचा वास घ्यायला निघालेला प्राणी तुमचा वास लागण्याआधी समोरून जातो.

आता हिवाळ्यातली 20 मिनिटांची बैठक, म्हणजे एका जागी लपून आवाज देत वाट बघणं. बसल्यावर दोन-तीन मिनिटं गप्प. मग एकट्या कायोटीची साधी हाळी, दोनदाच, आणि पुन्हा तीन मिनिटं शांतता. इथे आव्हान देणारी, भुंकत संपणारी कोल्हेकुई घालू नका. आसपास तरणा किंवा दबलेला प्राणी असेल तर तो तिथूनच पळतो, आणि घातलेला आवाज परत घेता येत नाही. त्यानंतर अगदी हळू आवाजात उंदीर, एक मिनिट. कायोटी शंभर मीटरवर झोपलेलाही असू शकतो, त्याच्या कानात एकदम सशाची किंकाळी फुटली तर तो बिथरतो. मग ससा: 30 ते 60 सेकंद आवाज, एक-दोन मिनिटं शांतता, दर फेरीला थोडा मोठा. शेवटची तीन-चार मिनिटं पिल्लाचं केकाटणं. ते उपाशी नसलेल्यालाही उठवतं, म्हणून ते शेवटी राखून ठेवायचं. त्यानंतरही पाच मिनिटं हलू नका.

कॉल म्हणजे फुंकून वाजवायची शिट्टी. तोंडाने वाजवत असाल तर उघड्या पट्टीच्या कॉलवर ओठ टोकाकडे सरकवले की सूर चढतो, आत सरकवले की उतरतो. प्रत्येक किंकाळी जोरात सुरू करून विरत न्या, मध्ये श्वासाची जागा सोडा. एकसारखी लय यंत्रासारखी वाटते. बंद पट्टीचा (पट्टी नळीच्या आत असलेला) कॉल कडाक्याच्या थंडीत थुंकीने गोठून मुका होतो. आतल्या खिशात ठेवा.

प्राणी येताना दिसला की आवाज बदलण्याचा मोह आवरा. तो ज्याला भुलून येतोय तेच चालू द्या, फक्त कमी करा. थांबवायचा असेल तर नेम धरल्यावर तोंडाने एक छोटा भुंकार. गोळी झाडल्यावर लगेच उठू नका, पिल्लाचं केकाटणं मिनिटभर लावा. जोडीदार बऱ्याचदा मागेच असतो. समोरचा जागेवरून भुंकत राहिला तर त्याने तुम्हाला ओळखलंय, ती बैठक सोडा. पुढची बैठक डोंगराळ भागात साधारण अर्ध्या मैलावर, मोकळ्या सपाटीवर एक मैल किंवा जास्त.