उथळ पाण्यातल्या मासेमारीच्या होडीवर नवी साधने निवडताना

उथळ पाण्यात मासेमारी करणाऱ्या होडीवर कोणतेही नवे साधन बसवण्याआधी एक गोष्ट मोजून घ्यावी, ती म्हणजे पूर्ण भार चढवलेली आपली होडी आज प्रत्यक्षात किती पाण्यात तरंगते. माहितीपत्रकात दिलेला ड्राफ्ट, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून होडीच्या तळापर्यंतचे अंतर, बहुधा हलक्या होडीचा असतो. त्यात भरलेली इंधनटाकी, बॅटऱ्या, नांगर आणि माणसे धरलेली असतातच असे नाही. म्हणून नेहमीची माणसे नेहमीच्या जागी बसवून, सगळे सामान चढवून, होडी शांत पाण्यात उभी करावी, पाण्याच्या रेषेवर पुढे आणि मागे चिकटपट्टीने खूण करावी आणि होडी बाहेर काढल्यावर तळापासून त्या खुणांपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. पुढची सगळी खरेदी या दोन आकड्यांशी ताडून पाहायची आहे.

वजनाचा हिशेब सोपा आहे. पाण्याच्या रेषेवर होडीने व्यापलेले क्षेत्रफळ ६ चौरस मीटर असेल, तर होडी १ सेंटीमीटर खाली जाण्यासाठी साधारण ६० किलो वजन पुरते. खाऱ्या पाण्यात हा आकडा किंचित वाढतो, एवढाच फरक. पण हे झाले मध्यभागी ठेवलेल्या वजनाचे. होडीचा पाण्याच्या रेषेवरचा आकार ढोबळमानाने आयताकार धरला, तर तेच वजन अगदी मागच्या टोकाला बसवल्यास मागचा भाग चौपट खाली जातो आणि पुढचा भाग त्याच्या निम्म्याने वर उचलला जातो. म्हणजे मागच्या फळीवर ४० किलोंची भर पडली की मागची बाजू जवळजवळ पावणेतीन सेंटीमीटर बुडते. इंजिन, बॅटऱ्या, इंधन आणि खांबनांगर (होडी थांबवण्यासाठी पाण्याच्या तळात रुतवायचा खांब) ही सगळी मंडळी मागेच गर्दी करतात, हे लक्षात घेतले की पुष्कळ होड्या उत्तम सामान चढवूनही आधी जिथे जात होत्या तिथे का अडकू लागतात, याचा उलगडा होतो.

ड्राफ्ट हा एकच आकडा नसतो, हेही इथेच सांगायला हवे. उभी असताना होडीला लागणारे पाणी वेगळे, वेगात पृष्ठभागावर उचलली गेल्यावर लागणारे वेगळे आणि उभ्या स्थितीतून वेग घेताना लागणारे वेगळे. यांपैकी तिसरे सर्वांत जास्त असते, कारण त्या क्षणी मागचा भाग खाली दबतो. वेगात पार केलेल्या उथळ पट्ट्यात थांबलेली होडी तिथून पुन्हा वेग घेऊ शकेलच असे नाही. कोणते साधन यांपैकी कोणता आकडा सुधारते आणि कोणता बिघडवते, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

यानंतर गेल्या दहाएक फेऱ्या आठवून, प्रत्येक वेळी नेमके कशामुळे अडले ते लिहून काढावे. वाऱ्याने होडी जागेवरून ढकलली, तळ टेकला, बॅटरी संपली, आवाजाने मासे पळाले की मासे कुठे आहेत तेच कळले नाही? ज्या कारणाची नोंद सर्वाधिक वेळा येते त्याच्यावरचा उपाय पहिला घ्यावा. दुसऱ्याच्या होडीवर पाहिलेली वस्तू आपल्या यादीत कुठे बसते, याचे उत्तर पुष्कळदा ‘कुठेच नाही’ असे येते.

जागेवर थांबण्याची साधने

माझ्या मते उथळ पाण्यात सर्वाधिक फरक पडतो तो होडी गुपचूप थांबवण्याने. दोरीचा नांगर टाकताना आवाज होतो, गाळ उठतो आणि होडी दोरीभोवती झोके घेत राहते. त्याऐवजी तळात रुतवायची फायबरग्लासची टोकदार काठी हा सर्वांत स्वस्त आणि हलका उपाय आहे. छोट्या होडीला ती बऱ्याचदा पुरते, तिला वीज लागत नाही आणि बिघडण्यासारखे तिच्यात काही नसते. काठी रुतवून होडीला दोरीने बांधायची, एवढेच तिचे तंत्र. बटण दाबून खाली जाणारा विजेचा किंवा हायड्रॉलिक खांबनांगर घेण्याआधी एक हंगाम या काठीवर काढावा, म्हणजे आपण दिवसात खरोखर किती वेळा थांबतो ते कळते.

वारंवार थांबावे लागत असेल, शिवाय एकट्यानेच जाणे होत असेल, तर मात्र यांत्रिक खांबनांगराचा खर्च सार्थकी लागतो. असे नांगर साधारण ८ आणि १० फुटांच्या, म्हणजे सुमारे २.४ आणि ३ मीटरच्या लांबीत मिळतात. त्याहून लांबही आहेत. परंतु नावातली लांबी म्हणजे कामाची खोली नव्हे. खांब पाण्याच्या पृष्ठभागाच्या वर बसवलेला असतो, काही प्रकारांत तो तिरका उतरतो आणि तळात थोडा रुतावाही लागतो. म्हणून नेहमीच्या खोलीपेक्षा निदान अर्धा मीटर जास्त पोहोच धरून निवड करावी. वाळूत आणि घट्ट चिखलात खांब चांगला धरतो, खडकाळ तळावर घसरतो आणि अतिमऊ गाळात खोल जाऊनही पकड देत नाही. एका खांबाभोवती होडी वाऱ्याने फिरते. ते थांबवण्यासाठी दोन खांब लागतात, पण दोन्ही मागच्या फळीवरच बसतात आणि वर दिलेला चौपटीचा हिशेब तिथे लागू होतो. दुसऱ्या खांबाऐवजी पुढच्या बाजूला हाताची काठी वापरणे, हा मला अधिक शहाणपणाचा मार्ग वाटतो.

तिसरा पर्याय म्हणजे जीपीएसच्या आधारे होडीला जागेवर धरून ठेवणारी विजेची मोटर. खोली दीड-दोन मीटरांपेक्षा जास्त असेल, तर तिला तोड नाही. गुडघाभर पाण्यात मात्र तिचा पंखा तळ ढवळतो आणि तिचे सतत चालू-बंद होणे बुजऱ्या माशांना कळते.

विजेची मोटर आणि तिची तार

मोटरीचा जोर पौंडांत सांगितला जातो. भारासह होडीच्या दर ४५ किलो वजनामागे २ पौंड जोर, हा प्रचलित ठोकताळा आहे. त्यानुसार ७०० किलोंच्या होडीला सुमारे ३१ पौंड पुरावेत. परंतु हा किमान आकडा शांत पाण्यापुरता आहे. वारा आणि प्रवाह यांच्याविरुद्ध जायचे असेल, तर त्याच्या दीडपट ते दुप्पट जोर घ्यावा. साधारणपणे १२ व्होल्टच्या मोटरी ५५ पौंडांच्या आसपास थांबतात, २४ व्होल्टच्या ८० पर्यंत जातात आणि ११२ पौंडांना ३६ व्होल्ट लागतात. हलक्या होडीवर ३६ व्होल्टची यंत्रणा म्हणजे तीन बॅटऱ्यांचे किंवा एका मोठ्या बॅटरीचे ओझे, आणि ते ओझे ओढण्यासाठीच पुन्हा जोर हवा, असा तो फेरा आहे.

मोटरीच्या दांड्याची लांबी अनेकजण गृहीत धरतात आणि चुकतात. मोटर जिथे बसणार त्या जागेपासून पाण्याच्या रेषेपर्यंतचे अंतर मोजून त्यात सुमारे ४० ते ५० सेंटीमीटर मिळवावेत. लाटांत पुढचा भाग वर उचलला गेला की आखूड दांड्याचा पंखा हवा कापतो. अतिशय उथळ जागी मोटर थोडी वर ओढून घेता येते, पण कमी पडणारा दांडा वाढवता येत नाही. तळाशी शेवाळ किंवा पाणगवत असेल, तर ते गुंडाळले जाऊ नये अशा घडणीचा पंखा घ्यावा आणि खाऱ्या पाण्यासाठी खास बनवलेलीच मोटर घ्यावी.

खरी मेख तारेत असते. १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअर ओढत असेल, बॅटरी मागे आणि मोटर पुढे असे ६ मीटर अंतर असेल आणि तार १३ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन १२ मीटर तारेत जवळपास पाऊण व्होल्ट वाया जातो. म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक. तेवढीच शक्ती २४ व्होल्टवर घेतली तर प्रवाह निम्मा होतो आणि टक्केवारीतला तोटा एक चतुर्थांश उरतो. मोटर अशक्त आहे म्हणून बदलायला निघालेल्याने आधी ती पूर्ण वेगात चालू असताना तिच्या टोकाशी व्होल्टेज मोजावे. कित्येकदा जाड तार हाच हवा असलेला बदल असतो. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असावी. अमेरिकेतल्या होडीबांधणीच्या मानकांत फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर बॅटरीपासून सुमारे १८ सेंटीमीटरच्या आत बसवण्याची शिफारस आहे. काही परिस्थितींत ते अंतर वाढवण्याची मुभा असली, तरी छोट्या होडीवर हा नियम पाळणे अवघड नाही.

बॅटरी बदलणे हा वजन घटवणाऱ्या मोजक्या बदलांपैकी एक आहे. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी साधारण २७ ते ३० किलोंची असते आणि तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच क्षमता वापरावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी ११ ते १३ किलोंत येते आणि तिची ८० टक्के किंवा त्याहून अधिक क्षमता वापरता येते. शिशाच्या दोन बॅटऱ्यांच्या जागी अशी एक ठेवल्यास मागच्या टोकाचे चाळीसेक किलो वजन उतरते, म्हणजे उभ्या होडीला तिचे पावणेतीन सेंटीमीटर परत मिळतात. मात्र चार्जर तिला साजेसा हवा, शून्य अंश सेल्सिअसखाली तिला चार्ज करू नये, आणि इंजिन सुरू करण्यासाठी ती वापरायची तर इंजिनाच्या उत्पादकाची मान्यता आधी तपासावी. इंजिनाची बॅटरी आणि मोटरीची बॅटरी कोणत्याही परिस्थितीत वेगळ्या ठेवाव्यात. दिवसभर मोटर चालवून परतताना इंजिनच सुरू न होणे, यासारखी फजिती दुसरी नाही.

इंजिन वर घेणे

इंजिन वरखाली करणारी जॅक प्लेट बसवली, की वेगात धावताना पंखा बराच वर ठेवता येतो, कारण मागच्या फळीपासून थोडे दूर गेल्यावर पाण्याची पातळी वर येते. पण ही प्लेट स्वतःच वजनदार असते आणि ती इंजिनालाही मागे सरकवते. धावताना मिळवलेली खोली उभे असताना थोडीफार परत द्यावी लागते. शिवाय शीतकरणाचे पाणी ओढणारी छिद्रे पृष्ठभागाच्या फार जवळ आली की इंजिन तापते. त्यामुळे पाण्याचा दाब दाखवणारा गेज लावल्याशिवाय जॅक प्लेट लावू नये, असे मी ठामपणे म्हणेन. पात्यांच्या कडा किंचित वळवलेला पंखा उंचावर पाणी अधिक चांगले धरतो, त्यामुळे प्लेटबरोबर पंख्याचाही खर्च धरावा.

वेग घेताना मागचा भाग दबतो, ही अडचण असेल तर ट्रिम टॅब, म्हणजे मागच्या फळीच्या खालच्या कडेला बसवलेल्या वरखाली होणाऱ्या पट्ट्या, अधिक उपयोगी पडतात. त्या मागची बाजू उचलून धरतात आणि होडी कमी वेगात, कमी पाण्यात पृष्ठभागावर येते.

पाण्याखाली पाहण्याची साधने

सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणारे यंत्र, घेताना खोलीचा विचार बहुतेकजण उलटा करतात. २० अंशांचा शंकू टाकणारा सोनार १ मीटर खोलीवर तळाचा जेमतेम ३५ सेंटीमीटर व्यासाचा तुकडा दाखवतो आणि तोही होडीच्या बरोबर खालचा, जिथून मासा केव्हाच दूर गेलेला असतो. ६० अंशांच्या शंकूनेही ते वर्तुळ सव्वा मीटरच्या आतच राहते. म्हणून उथळ पाण्यासाठी बाजूला पाहणारा सोनार घ्यावा, किंवा सोनार साधा ठेवून चांगला नकाशा आणि मार्गनोंद देणारा जीपीएस घ्यावा. भरतीच्या वेळी सुरक्षित ठरलेला मार्ग ओहोटीला, निदान नागमोडी खाडीत, नेमका आठवत नाही. पोलराइज्ड चष्मा मात्र या सगळ्याआधी विकत घ्यावा. त्याने पृष्ठभागाची चकाकी कापली जाते आणि त्याचे वजन होडीला जाणवत नाही.

भोके, गंज आणि पंप

प्रत्येक साधन होडीला भोके पाडते. पाण्याच्या १५ सेंटीमीटर खाली २५ मिलिमीटरचे भोक उघडे राहिले, तर मिनिटाला सुमारे ३० लिटर पाणी आत येते. सोनारचा संवेदक बसवताना आधी प्लास्टिकची जाड पट्टी कायमची चिकटवावी आणि पुढचे सगळे स्क्रू त्या पट्टीतच घ्यावेत. फळीच्या आत लाकूड किंवा फोम असेल, तर भोकाची आतली भिंत इपॉक्सीने बंद करावी. अ‍ॅल्युमिनियमच्या होडीवर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट थेट बसवले, की खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. मध्ये विद्युतरोधक लेप किंवा वॉशर हवा आणि तांबेयुक्त रंग अशा होडीला कधीही लावू नये. पंपावर लिहिलेली क्षमता पाणी उंच चढवावे लागत नाही, अशा स्थितीतली असते, तेव्हा प्रत्यक्षात बरीच कमी मिळेल असे समजूनच तो निवडावा आणि त्याला आपोआप चालू होणारा तरंगता स्विच जोडावा. मासे जिवंत ठेवण्यासाठी पाण्याची टाकी बसवणाऱ्याने १ लिटर म्हणजे १ किलो हे विसरू नये: १०० लिटरची टाकी म्हणजे जास्तीचा एक दणकट माणूसच.

एका वेळी एकच बदल करावा. तो बसवल्यावर होडी पुन्हा शांत पाण्यात उभी करून चिकटपट्टीच्या जुन्या खुणांपासून पाण्याची रेषा किती सरकली ते मोजावे; मागची रेषा दोन सेंटीमीटरांपेक्षा जास्त चढली असेल, तर पुढची खरेदी थांबवून आधी बॅटरी किंवा इंधनटाकी मध्यभागाकडे सरकवता येते का, ते पाहावे.