जुन्या कार रेडिओवर फोनमधली गाणी, वायरीशिवाय

काही विकत घेण्याआधी रेडिओचं तोंड नीट बघा. त्यावर ३.५ मिलिमीटरचं ऑक्सचं भोक (बाहेरचा आवाज वायरीने आत घेणारं) असेल तर एफएम ट्रान्समीटरच्या, म्हणजे फोनमधलं गाणं छोट्या स्टेशनसारखं एफएमवर सोडणाऱ्या यंत्राच्या, नादी लागूच नका. ऑक्समध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. एफएमवर साधारण १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, शिवाय खरखर असते ती वेगळी. काही रेडिओंत ब्लूटूथ असतं, पण फक्त कॉलपुरतं: फोन जोडला जातो आणि गाणी मात्र फोनमध्येच वाजत राहतात.

ऑक्स नसेल तर १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ एफएम ट्रान्समीटर. त्याच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच, चुकीची फ्रिक्वेन्सी. म्हणून ट्रान्समीटर बाजूला ठेवून आधी मोकळी जागा शोधा. रेडिओची एरियल पूर्ण वर काढा आणि ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टा हाताने, एकेक पायरीने फिरवा. आपोआप शोधणारं बटण इथे कामाचं नाही. ते स्टेशनवर थांबतं, आपल्याला तर ओसाड जागा हवी. जिथे नुसती एकसारखी सूंऽऽ ऐकू येते, मागे कुणाचं पुटपुटणंसुद्धा नाही, ती जागा चांगली. दोन्ही बाजूंना ०.२ मेगाहर्ट्झवरही स्टेशन नको. अशा तीन जागा रेडिओच्या १, २, ३ बटणांवर साठवा. लांबच्या प्रवासात पहिलीवर कुणीतरी येऊन बसतंच, कारण एफएम रिसीव्हर दोन सिग्नलांपैकी जोरकस असलेलाच पकडतो आणि ट्रान्समीटरची ताकद मुद्दामच कमी ठेवलेली असते.

आता इंजिन चालू करा, ट्रान्समीटर सॉकेटमध्ये बसवा आणि त्यावर तीच फ्रिक्वेन्सी, दशांशासकट, लावा. सूंऽऽ एकदम थांबली की रेडिओने त्याला पकडलं समजा. मग फोनच्या ब्लूटूथमध्ये त्याचं नाव शोधून जोडा. पिन मागितलाच तर बहुधा ०००० किंवा १२३४ चालतो.

फोनचा आवाज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा, बाकी कमीजास्त रेडिओवर करा. फोनचा आवाज फार कमी असला तर रेडिओ वाढवताना खरखरही वाढते. फार जास्त असला तर गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ फाटतात. ऐकायला स्पीकर गेल्यासारखं वाटतं, पण स्पीकर धडधाकट असतो. फोन दोन पायऱ्या खाली आणा.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी शिट्टी ऐकू येते ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर चालून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राची. त्याच ट्रान्समीटरवर फोन चार्ज होत असेल तर केबल काढून बघा. ऑक्सच्या रिसीव्हरवर हीच शिट्टी आली तर तो सॉकेटच्या चार्जरवरून काढून स्वतःच्या बॅटरीवर चालवा, नाहीतर रिसीव्हर आणि ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (वायरीतून येणारी अशी शिट्टी अडवणारी छोटी डबी) घाला. रेडिओ मधेच स्वतःहून दुसऱ्या स्टेशनवर उडी मारत असेल तर त्याच्या मेनूतलं ‘एएफ’ (त्याच स्टेशनची दुसरी फ्रिक्वेन्सी आपोआप शोधणं) आणि ‘टीए’ (रहदारीच्या सूचनांसाठी स्टेशन बदलणं) बंद करा.

गाडी बंद केल्यावरही ट्रान्समीटरचा दिवा जळत राहिला तर त्या सॉकेटचा पुरवठा किल्लीने तुटत नाही. उतरताना तो उपसून ठेवा, कारण गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी बसेल.