लाडका प्लेयर टीम सोडून गेला की त्याला गद्दार म्हणायच्या आधी काय काय बघायचं

दर हिवाळ्यात हेच होतं. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मेजर लीगमधला एखादा मोठा प्लेयर टीम बदलतो, आकडा बाहेर येतो, आणि कालपर्यंत त्याची जर्सी घालून ओरडणारी माणसं त्याला पैशाला हपापलेला म्हणायला लागतात. मी पण म्हटलंय, चांगलं तावातावाने म्हटलंय. २०११ च्या डिसेंबरात अल्बर्ट पुजोल्स सेंट लुइस कार्डिनल्स सोडून एंजल्सकडे गेला, १० वर्षं, साधारण २४ कोटी डॉलर, तेव्हा घरातलं कोणी न सांगता निघून गेल्यासारखं वाटलं होतं आणि त्याची ५ नंबरची जर्सी मी कपाटात अगदी तळाशी कोंबली होती. त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू एक पद्धत बसलीय, प्लेयर मनापासून खेळतोय की नुसतं गोड बोलतोय हे ओळखायची, ती लिहितेय.

सगळ्यात आधी आकडा बाजूला ठेवा. आकड्यावरून माणूस कळत नाही, आकडा एवढा का झाला ते कळतं फक्त. पोरगा मेजर लीगमध्ये येतो तेव्हा पहिली साधारण तीन वर्षं क्लब देईल तो पगार, म्हणजे बहुतेकांना किमान पगाराच्या आसपास (२०२५ ला ७ लाख ६० हजार डॉलर), मग आर्बिट्रेशन, म्हणजे पगारावर एकमत झालं नाही तर लवाद ठरवणार, आणि पूर्ण सहा वर्षांची सर्व्हिस भरली की मगच तो फ्री एजंट होतो, म्हणजे हवी ती टीम निवडायला मोकळा. तोवर बरेच जण तिशीला टेकलेले असतात, म्हणजे त्याची अंगात दम असलेली वर्षं क्लबने स्वस्तात वापरून घेतलेली असतात आणि आपण त्याबद्दल क्लबला कधी एक शब्द बोलत नाही. मोठ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मागचीही थोडी वसुली असते असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हा टीम निवडायचा हक्क पण फुकट आलेला नाहीये. १९६९ ला कार्डिनल्सने कर्ट फ्लड या आपल्या प्लेयरला परस्पर फिलाडेल्फियाला ट्रेड केलं, म्हणजे त्या टीमला देऊन टाकलं, त्याने जायला नकार दिला, लीगच्या प्रमुखाला, कमिशनरला पत्र लिहून कळवलं की मी विकायची-घ्यायची वस्तू नाही, १९७० चा अख्खा सीझन घरी बसला, आणि १९७२ ला सुप्रीम कोर्टात ५-३ ने हरला. मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचर्सच्या केसमध्ये निकाल लागून फ्री एजंट व्हायचं दार उघडलं ते १९७५ च्या डिसेंबरात, तोवर फ्लडचं करिअर संपलेलं होतं. आज कोणी फ्री एजंट झाला की मला आधी फ्लड आठवतो, मग राग निम्मा उतरतो.

आता कॉन्ट्रॅक्ट वाचायचं, पण शेवटची रक्कम नाही, अटी वाचायच्या. ऑप्ट-आउट आहे का, म्हणजे मधेच सोडून परत बाजारात यायची सोय ठेवलीय का? नो-ट्रेड क्लॉज मागितलाय का, म्हणजे मला इथून हलवू नका असं लिहून घेतलंय का? ब्राइस हार्परने २०१९ ला फिलीजबरोबर १३ वर्षांचं ३३ कोटींचं कॉन्ट्रॅक्ट केलं त्यात ऑप्ट-आउट नाही आणि नो-ट्रेड आहे, मला हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटतं. शोहेई ओतानीचे ७० कोटी बघून लोकांचे डोळे पांढरे झाले, पण त्यातले ६८ कोटी त्याने २०३४ पासून पुढे, तेही बिनव्याजी घ्यायचं कबूल केलंय, आत्ता वर्षाला २० लाखच घेतो, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर लीग जो टॅक्स लावते त्याच्या हिशोबात टीमला इतर प्लेयर घ्यायला जागा राहते. जाहिरातींतून तो भरपूर कमावतो म्हणून त्याला परवडतं हे खरंच आहे, तरी जिंकायची भूक त्यात दिसते.

प्रेस कॉन्फरन्समधल्या बोलण्याला मात्र फार किंमत देऊ नका. बोस्टन रेड सॉक्सकडून खेळणारा जॉनी डेमन २००५ ला म्हणाला होता की यांकीजकडे जाणं शक्यच नाही, आणि त्याच डिसेंबरात ४ वर्षांचे ५ कोटी २० लाख घेऊन तिकडेच गेला. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्या क्षणी वाटलं असेल तसं. उलट फ्रेडी फ्रीमन २०२२ च्या जूनमध्ये डॉजर्सकडून आपल्या जुन्या टीमच्या गावी, अटलांटात परत आला तेव्हा पत्रकारांसमोर त्याला बोलताच येईना, डोळे पुसत राहिला, म्हणजे टीम सोडलेला माणूस पण मनाने तिथेच असू शकतो.

माझी खरी परीक्षा मैदानावर असते. सप्टेंबरमधली मॅच शोधा, टीम शर्यतीतून बाहेर, सातव्या-आठव्या इनिंगला सहा-सात रन मागे, आणि तुमचा स्टार सेकंड बेसमनकडे साधा ग्राउंड बॉल मारतो. बॉलकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. फर्स्ट बेसपर्यंत ९० फूट, चार-साडेचार सेकंदांचा खेळ, आऊट होणार हे सगळ्या स्टेडियमला माहितीय. मी एकदा वरच्या मजल्यावरून एकाला बघितलं, कॉन्ट्रॅक्ट अजून बरीच वर्षं शिल्लक, पैसा पक्का, आणि तो मान खाली घालून शेवटच्या पावलापर्यंत धावला, बेसच्या पुढे दहा पावलं जाऊन थांबला, हेल्मेट काढलं आणि येताना पहिल्या रांगेतल्या पोराला टाळी देऊन आला. मला तेवढं पुरलं. पण एका मॅचवरून ठरवू नका, कधी मांडी दुखत असते, कधी टीमनेच जपून धाव म्हणून सांगितलेलं असतं, निदान महिनाभर बघा.

गिल मेशचं पण सांगते. २०११ च्या जानेवारीत खांदा गेला होता म्हणून हा पिचर रिटायर झाला आणि रॉयल्सकडचे १ कोटी २० लाख सोडून दिले, नुसता टीमबरोबर बसून राहिला असता तरी मिळाले असते. मला त्याच्याबद्दल फार आदर आहे, पण हे माप बाकीच्यांना लावू नका, सही झालेले पैसे घेणं यात काही चूक नाही.

आणि क्लबला पण तोच प्रश्न विचारा. २०२२ ला हुआन सोटोने नॅशनल्सचे ४४ कोटी नाकारले म्हणून लोक त्याला लोभी म्हणाले, काही आठवड्यांत क्लबनेच त्याला पाद्रेजला ट्रेड केला, तेव्हा निष्ठा कुठे गेली? २०२४ ला मेट्सकडून ७६ कोटी ५० लाख घेतले त्याने, मला त्यात गैर दिसत नाही.

हे सगळं करूनही राग येत असेल तर येऊ दे, फक्त तो पहिल्यांदा परत येईल तेव्हा पहिल्या बॅटिंगला उभं राहा. २००१ ला सिअॅटलच्या लोकांनी त्यांची टीम सोडून गेलेल्या अॅलेक्स रॉड्रिगेझवर खोट्या नोटा उधळल्या होत्या. २०१९ च्या जूनमध्ये पुजोल्स एंजल्सकडून सेंट लुइसला आला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं होतं, टाळ्या थांबेनात, कॅचरच्या जागेवरचा त्याचा जुना साथीदार यादिएर मोलिना पुढे आला आणि त्याने पुजोल्सला मिठी मारली. मी उठले, कपाट उघडलं आणि तळातून ती ५ नंबरची जर्सी काढली.